पायाचे वर्ष

दहावीचा निकाल लागून गुणपत्रक हाती पडले, की कर्जत-नेरळपासून खोपोली-चौकपर्यंतच्या बाजारपेठांतून, विजेच्या खांबांवर आणि रिक्षांच्या पाठीवर 'फाउंडेशन' हा शब्द दिसू लागतो. आणि ज्या घरात आजवर कोणी वाणिज्य शाखेचे पुस्तक उघडलेले नाही, अशा घरातील वडीलमंडळीही मुलीला किंवा मुलाला 'अकाउंट्समध्ये घालायचे', तर या फाउंडेशनशिवाय तरणोपाय नाही, अशी समजूत करून घेतात. शब्द एक असला, तरी त्याच्या पोटात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची फारकत न करता पैसे भरले म्हणजे जे होते, ते बहुतेकांना वर्ष सरल्यावर उमगते.

यातली पहिली गोष्ट विलायतेची. इंग्लंडमध्ये विद्यापीठात जाण्यापूर्वी शालेय शिक्षणाची तेरा वर्षे होतात, आपल्याकडे बारा. शिवाय तेथील विद्यार्थी शेवटची दोन वर्षे तीन-चार विषयांवरच लक्ष केंद्रित करीत असल्याने त्यांची तीन वर्षांची पदवी पहिल्या दिवसापासून नेटाने विषयाला हात घालते. ज्याचे शालेय शिक्षण निराळ्या पद्धतीने झाले, ज्याचे गुण थोडे कमी पडले, किंवा ज्याने शाळा सोडून मध्ये नोकरी केली आणि आता पुन्हा शिकावयाचे मनात घेतले, अशासाठी तेथील अनेक विद्यापीठे पदवीच्या आधी एक पूर्ववर्ष ठेवतात. लेखाकर्म व वित्त या शाखेच्या पूर्ववर्षात साधारणपणे गणित व सांख्यिकी, अर्थशास्त्राची तोंडओळख, हिशेबाची मूलतत्त्वे आणि निबंधवजा लेखनाचा सराव असतो. चांगल्या गुणांनी बारावी झालेल्या आपल्या विद्यार्थ्याला कित्येक ठिकाणी या वर्षाची गरजही पडत नाही. तेव्हा परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्याने त्या विद्यापीठाची प्रवेशाची अट आधी वाचावी आणि मगच त्या वर्षाचा खर्च अंगावर घ्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे सनदी लेखापालांच्या संस्थेची, अर्थात सी.ए.ची, प्रवेशपातळीची परीक्षा. तिच्याकडे पुढे येऊ.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्याला फुकटात आणि सक्तीने मिळालेली असते, म्हणूनच तिची किंमत वाटत नाही. ती म्हणजे अकरावी.

पूर्वी मॅट्रिकनंतर महाविद्यालयात जाऊन इंटर कॉमर्सची परीक्षा द्यावी लागे, आणि 'इंटर' हा शब्द उच्चारताना जुन्या लोकांच्या चेहऱ्यावर जो गंभीर भाव येई, तो त्या वर्षांचे महत्त्व सांगून जाई. १९७५ साली नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा झाली, पुढची दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्वाधीन झाली, आणि त्या दोन वर्षांतले पहिले वर्ष दहावी आणि बारावी या दोन मंडळ-परीक्षांच्या मध्ये सापडून पोरके झाले. अकरावीची परीक्षा महाविद्यालय घेते, तिचे गुण कोणी विचारीत नाही; सबब घरात, वर्गात आणि मित्रमंडळीत हे वर्ष विश्रांतीचे मानले जाते. विज्ञान शाखेचा विद्यार्थी तरी पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या धाकाने अकरावीचा अभ्यास करतो. वाणिज्य शाखेच्या मुलाला तेवढाही धाक नसतो. माझे म्हणणे असे, की लेखाकर्म आणि वित्त या विषयांच्या पदवीचे खरे पूर्ववर्ष अकरावी हेच आहे. जे या वर्षी हाताखालून गेले नाही, ते पुढे कितीही शुल्क भरले तरी सहजी हाती लागत नाही.

हे विधान तपासावयाचे असेल, तर दोन्ही वर्षांच्या पाठ्यपुस्तकांची अनुक्रमणिका शेजारी-शेजारी ठेवून पाहावी. 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' या विषयात अकरावीला द्विनोंदी पद्धतीची मूलतत्त्वे, रोजकीर्द, खतावणी, सहायक पुस्तके, बँक जुळवणी पत्रक, घसारा, चुकांची दुरुस्ती आणि एकट्या मालकाच्या धंद्याची अंतिम खाती आहेत. बारावीला भागीदाराचा प्रवेश, त्याची निवृत्ती, भागीदारीचे विसर्जन, हुंड्या, कंपनीच्या भागांची विक्री असे भारदस्त विषय येतात. परंतु त्यांतील एकाही उदाहरणात रोजकीर्द कशी लिहावी हे पुन्हा शिकविलेले नाही. ते येते, असे गृहीत धरले आहे. पदवीचे पहिले सत्र तर त्याही पुढचे गृहीत धरते.

रोजकीर्द आणि खतावणी यांतला भेद व्याख्येने शिकविला, तर तो दुसऱ्या दिवशी विसरतो. कर्जत-खालापुरातील विद्यार्थ्याला मात्र तो घरच्या कागदांवरून समजून घेता येतो, कारण या दोन तालुक्यांत जमिनीच्या व्यवहाराची चर्चा ज्या घरात कधीच झाली नाही, असे घर शोधावे लागेल. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही असते. खरेदीखत झाले, वारसाची नोंद झाली, बोजा चढला किंवा उतरला, की त्या घडामोडीला क्रमांक पडतो आणि ती ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने या वहीत येते. कोणाची जमीन, कोणत्या वाडीतली, याचा तेथे विचार नाही. हीच रोजकीर्द. गाव नमुना ८-अ मध्ये मात्र एका खातेदाराच्या नावाखाली त्याची सर्व जमीन, ती कितीही गटांत विखुरलेली असो, एकत्र मांडलेली असते. ही खतावणी. फेरफार मंजूर झाल्याशिवाय सात-बारा बदलत नाही, त्याचप्रमाणे रोजकीर्दीत नोंद झाल्याशिवाय खात्यात काही चढू नये. आणि सात-बारावर दिसणाऱ्या फेरफार क्रमांकावरून मूळ व्यवहारापर्यंत जसे मागे जाता येते, तसेच खात्यातील प्रत्येक आकड्याजवळच्या पृष्ठक्रमांकावरून रोजकीर्दीपर्यंत जाता आले पाहिजे. रोजकीर्दीतला तो 'खाते पान क्रमांक' नावाचा रकाना विद्यार्थी हमखास रिकामा सोडतात. सारे लेखापरीक्षण पुढे त्याच रकान्यावर उभे आहे, हे त्यांना तेव्हा कोणी सांगत नाही.

आता द्विनोंदीचे मर्म. व्हेनिस येथे १४९४ साली लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने गणितावरील आपल्या ग्रंथात व्यापाऱ्यांची जी पद्धत लिहून ठेवली, तीच आजही जगभर चालते, आणि तिचे सूत्र इतकेच, की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात व दोन्ही लिहावयाच्या. समजा, कर्जत स्थानकाबाहेर एकीने वड्यांची गाडी टाकली. घरचे २०,००० रुपये तिने धंद्यात घातले. ६,००० रुपये रोख देऊन शेगडी आणि कढई घेतली. किराणा दुकानातून ३,००० रुपयांचे बेसन, बटाटे आणि तेल उधारीवर उचलले. आणि पहिल्या दिवशी २,४०० रुपयांची रोख विक्री झाली. व्यक्तिगत खात्यात घेणारा नावे व देणारा जमा, वास्तव खात्यात येते ते नावे व जाते ते जमा, आणि खर्च-तोटा नावे तर उत्पन्न-नफा जमा, हे तीन नियम लावले म्हणजे संध्याकाळी नावे बाजूला रोकड १६,४००, शेगडी व कढई ६,००० आणि खरेदी ३,००० असे आकडे राहतात; जमा बाजूला भांडवल २०,०००, दुकानदाराचे देणे ३,००० आणि विक्री २,४००. दोन्हीकडची बेरीज २५,४००. ही तेरीज.

तेरीज जुळली की मुलांचा जीव भांड्यात पडतो, आणि शिक्षकाची खरी कसोटी येथून सुरू होते. या बाईला पहिल्या दिवशी नफा किती झाला? विक्रीतून खरेदी वजा केली तर ६०० रुपयांचा तोटा दिसतो, आणि तो खोटा आहे. कारण १,६०० रुपयांचा माल डब्यांत शिल्लक आहे, म्हणजे वापरलेला माल १,४०० रुपयांचाच, आणि ढोबळ नफा १,००० रुपये. शेगडी-कढईच्या ६,००० रुपयांपैकी काहीच तिने विकलेले नाही. ती वस्तू कित्येक वर्षे झिजत राहील, आणि त्या झिजेचा वाटा, म्हणजे घसारा, दरसाल थोडा थोडा खर्चात पडेल. समजा, कोणी घाईने कढईचे ६,००० रुपये 'खरेदी'तच घालून टाकले, तर? तेरीज तरीही तंतोतंत जुळेल. आकडा बरोबर, बाजू बरोबर, खाते तेवढे चुकीचे. अशा चुकीला तत्त्वाची चूक म्हणतात, आणि जुळलेल्या तेरजेच्या आड ती वर्षानुवर्षे दडून राहू शकते. एवढे एक उदाहरण ज्याने स्वतःच्या हाताने, दोन्ही बाजूंच्या रेघा आखून, तीनदा सोडविले, त्याने अकरावीचा निम्मा अभ्यास केला असे मी समजेन. संगणकावरच्या टॅलीत आकडा भरला की बाकीचे आपोआप होते, हे खरे. पण कढई कोणत्या खात्यात घालावी हे टॅली विचारते, सांगत नाही.

आणखी एक अडखळण्याची जागा म्हणजे बँकेचे पासबुक. आपण बँकेत पैसे भरले की पासबुकात ते 'जमा' दिसतात, आणि पुस्तपालनाचे शिक्षक मात्र बँक खाते 'नावे' करावयास सांगतात. विद्यार्थी गोंधळतो, घरी विचारतो, आणि घरची मंडळी शिक्षकच चुकले असा निवाडा देतात. वस्तुतः पासबुक ही आपली वही नव्हेच. ती बँकेच्या खतावणीतील आपल्या खात्याची नक्कल आहे. आपण पैसे दिले, म्हणजे बँकेच्या वहीत आपण देणारे ठरलो, म्हणून जमा. आपल्या वहीत बँक घेणारी ठरली, म्हणून नावे. हिशेब कोणाच्या वहीतला, हा प्रश्न प्रथम विचारावयाचा, ही सवय एकदा लागली की बँक जुळवणी पत्रकाचे अर्धे भय नाहीसे होते.

या विषयाच्या परिभाषेकडे मराठी विद्यार्थ्याने जरा अभिमानाने पाहावे असे मला वाटते. जमा, खर्च, बाकी, वसूल, दप्तर हे शब्द फारसी अमदानीतून आपल्या वह्यांत आले आणि तेथेच मुरले. ज्या किल्ल्याचे नाव या जिल्ह्याने १९८१ साली कुलाबा हे जुने नाव टाकून धारण केले, त्या रायगडावर १६७४ साली झालेल्या राज्याभिषेकानंतरच्या अष्टप्रधानांत जमाखर्च पाहणारा मुजुमदार अमात्य झाला, आणि राज्यव्यवहारकोशाने अशा असंख्य फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही मुजुमदार, फडणीस आणि चिटणीस ही आडनावे होऊन राहिली, ती आजतागायत. बारावीच्या एका विषयाचे नावच 'चिटणिसाची कार्यपद्धती' असे आहे! परंतु या अभिमानाला एक व्यावहारिक पुरवणी जोडली पाहिजे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या लेखाकर्म-वित्त शाखेत बहुतेक सर्व अध्यापन इंग्रजीतून मिळते, आणि सी.ए.ची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. म्हणून अकरावीपासूनच वहीच्या शेवटच्या पानावर रोजकीर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट अशी जोडयादी करीत जावे. संकल्पना मायबोलीत पक्की झालेल्या मुलाला इंग्रजी शब्द शिकावयास फार तर दोन महिने लागतात. उलट प्रकार, म्हणजे इंग्रजी शब्द पाठ आणि अर्थाच्या नावाने पूज्य, हा मी अधिक वेळा पाहिला आहे.

अकरावीच्या प्रवेशअर्जावर एक निवड अशी असते, की जी पाच मिनिटांत होते आणि पुढे पाच वर्षे भोवते. वाणिज्य शाखेत गणित घ्यावयाचे, की त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती? दहावीच्या बीजगणिताने पोळलेला मुलगा डोळे मिटून दुसरा पर्याय घेतो. ज्याला केवळ बी.कॉम. करून नोकरी पाहावयाची आहे, त्याचे यात फारसे बिघडत नाही. परंतु वित्त हा शब्द ज्याच्या पदवीच्या नावात आहे, त्याने गणित सोडणे हे सुताराने करवत सोडण्यासारखे आहे. वित्त म्हणजे अखेर पैशाला काळाने गुणण्याची विद्या आहे.

याचे उदाहरण बाहेरून आणण्याचे कारण नाही. या भागातील शेतकरी आणि आदिवासी आषाढात घरचे भात संपले की सावकाराकडून भात उचलीत, आणि मार्गशीर्षात झोडणी झाली की सवाईने किंवा दीडीने परत करीत. दीडी म्हणजे एका मणाला दीड मण. ऐकावयास हे शेकडा पन्नास वाटते. पण मुदत पाच महिन्यांची आहे, आणि पाच महिन्यांना पन्नास म्हणजे बारा महिन्यांना, सरळव्याजानेच, एकशे वीस. तोच भात परत न फिटता पुढच्या आषाढापर्यंत लांबला आणि व्याजावर व्याज चढले, तर काय होते, हे विद्यार्थ्याने चक्रवाढीच्या सूत्राने स्वतः काढून पाहावे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना कर्जत तालुका भाई कोतवाल म्हणून ओळखतो आणि जे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात हुतात्मा झाले, त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठीचा उपक्रम चालविला होता, तो याच गणिताला उत्तर म्हणून. आणि पुढे कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही आदिवासी वाड्यांतून धान्यकोठ्या उभ्या केल्या. धान्यकोठी म्हणजे रुपयाऐवजी मणांत चालणारी पतपेढीच. तिचे भांडवल भात, तिचे व्याज भात, आणि तिचा घसारा म्हणजे उंदीर. अशा कोठीची वही लिहून पाहणे हा अकरावीच्या वर्गाला देण्याजोगा उत्तम प्रकल्प आहे.

आता सी.ए. फाउंडेशन. १ जुलै १९४९ रोजी अस्तित्वात आलेल्या सनदी लेखापाल संस्थेची ही पहिली पायरी. दहावीनंतर तिच्यासाठी नाव नोंदविता येते, परीक्षा मात्र बारावीनंतर देता येते, आणि नोंदणीनंतर किमान चार महिने अभ्यासाचे जावे लागतात. प्रत्येकी शंभर गुणांच्या चार प्रश्नपत्रिका असतात. लेखाकर्म आणि व्यवसायविषयक कायदे या दोहोंत उत्तरे लिहावयाची; व्यावसायिक गणित-तर्क-सांख्यिकी आणि व्यावसायिक अर्थशास्त्र या दोहोंत पर्याय निवडावयाचे, आणि तेथे प्रत्येक चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा होतो. प्रत्येक विषयात चाळीस आणि एकूण पन्नास टक्के मिळाले तरच उत्तीर्ण. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीन वेळा होऊ लागली आहे. ज्याला पदवीच घ्यावयाची आहे, त्याला ही परीक्षा सक्तीची नाही. आणि वाणिज्य पदवीला पंचावन्न टक्के मिळविणाऱ्याला ती न देताच पुढच्या पातळीवर थेट प्रवेश आहे. हा दुसरा रस्ता वर्गचालकांच्या पत्रकांत सहसा छापलेला नसतो.

पदवीपुरते बोलावयाचे, तर रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत आहे. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ज्याचा लौकिक, ते १९१३ साली निघालेले सिडनहॅमही याच विद्यापीठाच्या छायेत वाढले. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे आणि खोपोलीला खालापूर तालुका शिक्षण प्रसारक मंडळाचे के.एम.सी. महाविद्यालय असल्याने साधी बी.कॉम. घराजवळ होऊ शकते. बी.कॉम. (लेखाकर्म आणि वित्त), ज्याला सारे बी.ए.एफ. म्हणतात, त्याची गोष्ट निराळी आहे. ती स्वयंअर्थसहाय्यित शाखा असल्याने शुल्क जास्त, जागा मोजक्या, आणि परिव्यय, कर, लेखापरीक्षण, वित्तीय व्यवस्थापन यांचा भार साध्या बी.कॉम.पेक्षा जड. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स अशी व्यवस्था संलग्न महाविद्यालयांत आली आहे.

बी.ए.एफ.साठी कल्याण, मुलुंड किंवा थेट चर्चगेटपर्यंत जाणारी मुले येथून निघतात. १८५६ सालीच आगगाडी पाहिलेल्या खोपोलीला आजही मोजक्याच गाड्या आहेत, आणि कर्जतहून मुंबईचे टोक शंभर किलोमीटरवर, सुमारे दोन तासांच्या अंतरावर आहे. जाऊन-येऊन चार तास. या चार तासांत मोबाईलवर व्याख्यान ऐकता येते, कायद्याचे कलम वाचता येते, अर्थशास्त्राची टिपणे चाळता येतात. पण गर्दीत उभ्याने रोजकीर्द लिहिता येत नाही. त्यासाठी मेज लागते, पट्टी लागते आणि सलग दीड तास लागतो. आणि तो निवांतपणा विद्यार्थ्याच्या आयुष्यात शेवटचा मिळतो तो अकरावीत, जेव्हा महाविद्यालय गावातच असते.

तेव्हा पालकांना विनंती एवढीच, की शुल्काची पावती फाडण्यापूर्वी मुलाची अकरावीची पुस्तपालनाची वही एकदा उघडून पाहावी. खाते पान क्रमांकाचा रकाना भरलेला असेल, तर घाईने काही करण्याची गरज नाही. रिकामा असेल, तर आधी तो भरून घ्यावा. आणि वर्ष संपल्यावर ती वही रद्दीत घालू नये, पदवीच्या पहिल्या सत्रात तिची पुन्हा गरज पडते.